मायची चाल

दादा,

तुझ्या तेराव्याला आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसानं मला तोच सीन सांगितला. परभणीहून आलेल्या तुझ्या जुन्या मित्रांनी सांगितला, आमच्या मुख्याध्यापकांनी सांगितला, पंगतीत वाढायला आलेल्या बाईनंसुद्धा सांगितला. भर दुपारचं अंगण, केस मोकळे सोडलेली बाई, डावा हात छातीशी आवळलेला, डावा पाय फरफटत ती सरळ आपल्याकडं चालत येते. ताई, अजून अंगावर काटा येतो बघा. मी प्रत्येकाला पाणी दिलं आणि म्हटलं, हो, पाहिलाय.

पेपरवाल्यांनी तुझ्यावर भरभरून लिहिलं. भुताच्या सिनेमाला तू अंधारातून उजेडात आणलंस, कॅमेरामन म्हणून तुझी बरोबरी करणारा दुसरा नाही, असं बरंच काही. कुणी तुझा जन्म परभणीत घातला, कुणी नांदेडला. येलदरी कुणालाच सापडलं नाही. असू दे. तुझे सिनेमे किती, बक्षिसं किती, हे मी लिहिणार नाही. मला जे माहीत आहे ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आणि ते तुला माहीत होतं की नाही, यावरून आपण दोघं बहीणभाऊ दहा वर्षं एकमेकांशी खोटं बोललो.

राग आहे माझा तुझ्यावर. तू गेल्यावर तो ओसरेल असं वाटलं होतं, पण तो आहे तिथंच आहे. म्हणून आधी ज्याचा राग नाही ते सांगते.

अण्णा येलदरीच्या वीजघरात कामाला होते आणि आपण धरणाजवळच्या वसाहतीत राहायचो. दुपारी खिडकीच्या फळ्या लावल्या की एका भोकातून उन्हाची तिरीप आत यायची. तू मला शाळेतून डस्टर आणायला लावलंस. मी डस्टर आपटायचे, खडूची धूळ उडायची, आणि ती तिरीप हवेत उभी राहिल्यासारखी दिसायची. तू त्यात हात घालून बसायचास, तासन्‌तास. अण्णा म्हणायचे, आम्ही तिकडं शेकडो गावांना पुरंल इतकी वीज काढायलोत आणि हे पोरगं एवढ्याशा उजेडाला खेळायलंय. वीजघरात चिकटवून देतो म्हणाले तर तू ऐकलं नाहीस. आणि मला सातवीनंतर घरी बसवायचं ठरलं तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास. वंदी शाळेत जाईल तरच मी जेवीन म्हणालास. आज मी ताडकळसच्या शाळेत शिकवते ते त्या दोन दिवसांच्या जोरावर. हे मी कधी विसरले नाही. विसरता आलं असतं तर तुझ्याशी भांडणं सोपं गेलं असतं.

परभणीच्या एका स्टुडिओत तू लग्नाचं शूटिंग करायला लागलास. चुडाव्याच्या एका लग्नात नवरी सावळी होती. बाकीचे कॅमेरेवाले असल्या नवरीच्या तोंडावर थेट हॅलोजन मारायचे, पांढरीफटक दिसेपर्यंत. तू हॅलोजन मांडवाच्या कापडाकडं वळवलास. कापडावरून परतलेला उजेड तिच्या अंगावर पडला आणि ती पोरगी होती तशी दिसली, देखणी. आठ दिवसांनी तिचे वडील स्टुडिओत भांडायला आले. पोरगी काळी दिसायली म्हणाले. मालकानं तुला सगळ्यांसमोर झापलं. तू घरी येऊन तोंड पाडून बसलास, तेव्हा माय म्हणाली, "पोरगी हाय तशी दिसायली. त्येच्यात तुझं काय चुकलं?"

मग तू मुंबईला गेलास. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांचे कॅमेरे उचललेस. पत्र तू लिहीत नव्हतास, फोनवर मात्र सगळं सांगायचास. पहिला सिनेमा तुझ्या हातात आला तोही दुसऱ्याचाच. मूळचा कॅमेरामन अर्ध्यावर सोडून गेला होता. भुताचा सिनेमा, जुना बंगला, रात्रीचं शूटिंग आणि जनरेटर बंद. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला, आणि तू म्हणालास की दिवसा करू. तो सिनेमा चालला, तेव्हा मी तुला विचारलं होतं की दिवसाढवळ्या लोक भ्याले कसे. तू म्हणालास, "अंधारात माणूस आधीच तयारीत असतो वंदे. दुपारी दोन वाजता, वाळत घातलेल्या लुगड्यामागं कुणीतरी उभं हाय म्हणल्यावर तो पळून जाईल कुठं?"

मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता.

त्यानंतर तुला कुणी भुताखेरीज दुसरं काम दिलंच नाही. तुला एक साधी प्रेमाची गोष्ट करायची होती. एका दिग्दर्शकानं तुझ्याकडून चाचणीपुरता एक सीन करून घेतला आणि म्हणाला, तुमच्या कॅमेऱ्यात हिरॉईन हसली तरी वाटतं ही आता कुणाचा तरी गळा दाबणार. हे तू माझ्या स्वयंपाकघरात बसून हसत हसत सांगितलंस. आम्हीही हसलो. मग तू ताटातली भाकरी नुसती मोडत राहिलास, खाल्ली नाहीस. म्हणालास, फोन आला की लोक आधी विचारतात, भूत बाई आहे की पुरुष. लग्न तू केलं नाहीस. मुंबईत तुझी विचारपूस करणारं कुणी आहे का, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही. मला त्या दिवशी तुझी दया आली होती. पुढं तू जे केलंस त्याकडं मी सुरुवातीला काणाडोळा केला तो या दयेपायीच.

अण्णा गेल्यावर माय माझ्याकडं ताडकळसला राहायला आली. आणि मग तिला लकवा मारला. डावी बाजू पूर्ण गेली. परभणीच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून तिला घरी आणलं, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आता औषध म्हणजे चालणं, दुसरं नाही.

तू तेव्हा शूटिंगला होतास. त्यामुळं ते सहा महिने तू पाहिलेच नाहीस, मी पाहिले. न्हाणीपासून दारापर्यंत एक फेरी. पहिल्या दिवशी ती अर्ध्यात बसली. आठ दिवसांनी एक पुरी झाली. डावा हात छातीशी घट्ट, बोटं वळलेली, मान उजवीकडं कललेली, डावा पाय शहाबादी फरशीवर घासत यायचा. माझे मालक, माधवराव, मागं हात धरून उभे राहायचे तर ती त्यांना हुसकायची. फेऱ्या मोठ्यानं मोजायची. म्हणायची, "उजवा पाय माझाय. डावा शेजारणीकडून उसना आणलाय, त्यो तिच्याच घराकडं वढायलाय." सहा महिन्यांत ती चाळीस फेऱ्यांवर आली. एके दिवशी कुणाला न सांगता एकटी मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आली आणि दारात उभी राहून मला हाका मारू लागली. त्या दिवशी मी शिरा केला होता.

त्याच दिवाळीला तू आलास. चार दिवस राहिलास. पाडव्याच्या दिवशी मी आत करंज्या तळत होते. माय न्हाऊन आली होती, केस ओले होते. तू अंगणात बाजेवर बसला होतास, हातात मोबाईल. मला आतून सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालास, माय, केस तसेच सोड, उन्हात वाळतील, आणि थोडं चालून दाखव. ती लाजली. आपण जन्मात तिला मोकळ्या केसांनी उंबऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं. म्हणाली, म्हातारी बाई केस सोडून अंगणात, लोक काय म्हणतील?

"कोण बघायलंय माय," तू म्हणालास. "मीच हाय."

ती चालली. तुझ्याकडं तोंड करून, न्हाणीपासून बाजेपर्यंत. तू म्हणालास, परत. ती परत गेली आणि परत आली. अशी सात वेळा. मी झारा हातात घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, पुरे कर, दमली ती. तू माझ्याकडं न बघता म्हणालास, एकदा फक्त. माय घामाघूम झाली होती आणि तिचं तोंड फुललं होतं. लेक आठवण म्हणून आपला व्हिडिओ काढून नेतोय असं तिला वाटत होतं. मलाही तेच वाटलं, दादा.

पुढच्या वर्षी तो सिनेमा आला. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. परभणीला लागला तेव्हा मायनं हट्टच धरला. जीप केली, तिला मधे बसवलं, मी आणि माधवराव दोन्ही बाजूला. तिनं नवं इरकल नेसलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पडद्यावर नावं सुरू झाल्यापासून ती मला कोपरानं ढोसत होती, आलं का त्येचं नाव, आलं का. आलं तेव्हा मी वाचून दाखवलं. तिनं उजवा हात कपाळाला लावला.

मध्यंतरानंतर तो सीन आला. अंगण तसंच, उन्हाचा तुकडा तसाच. एक तरुण नटी, चेहऱ्याला राखेचा रंग, ओले मोकळे केस. डावा हात छातीशी. बोटं वळलेली, अगदी तशीच. मान उजवीकडं. आणि फरशीवर घासत येणारा तो आवाज. तिचा पाय उंबऱ्याशी अडला तशा थिएटरात बाया किंचाळल्या, मग मागची पोरं हसायला लागली, शिट्ट्या वाजल्या.

माय माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "ही मी हाय."

मी म्हटलं, माय, चल, बाहेर जाऊ. ती म्हणाली, "बस खाली. त्येची मायच उठून गेली म्हणतील." शेवटपर्यंत बसली ती. त्या बाईला सिनेमात शेवटी जाळतात, तेही तिनं पाहिलं.

परतताना जीपमध्ये तिनं विचारलं, "त्यानं मला भूत केलं का गं?"

मी म्हटलं, नाही माय, ती नटी आहे. माय म्हणाली, "नटी हाय. पाय माझा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. सिनेमा कसा वाटला, गर्दी होती का, असं विचारता विचारता तू मधेच थांबलास आणि म्हणालास, मायला कळलं का गं काही? माय समोर बाजेवर बसली होती. फोनवरचं तिला ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून तिनं सगळं ओळखलं. उजवा हात हलवून तिनं मला खुणावलं, न्हाई म्हण. मी म्हटलं, नाही दादा, तिला झोप लागली होती, जीपच्या हेलकाव्यानं दमली होती. तू केवढा मोठा उसासा टाकलास. बरं झालं, म्हणालास.

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांनी त्येचं नाव झालंय. आपल्या तोंडानं कशाला घालवायचं? तू काई बोलायचं न्हाई. माझी आण हाय."

त्या दिवसापासून तिनं चालणं सोडलं.

आधी म्हणाली पाय दुखायलाय. मग म्हणाली चक्कर येते. डॉक्टरीणबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, पायाला काही झालेलं नाही, या का चालत नाहीत? मी काय सांगणार होते? शेजारची एक बाई भोळेपणानं दारात येऊन म्हणाली होती, मावशी, तुमी तर सिनेमात आलात की. गाव लहान आहे दादा. सहा महिने ज्या बाईला गावानं चालताना पाहिलं होतं, तिची चाल गाव ओळखणार नाही असं तुला कसं वाटलं? तू मुंबईतून बघत होतास. तुझ्यासाठी ते एक दृश्य होतं, आमच्यासाठी रोजचं अंगण होतं.

एकदा मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या दोन पोरी मैदानात तसं चालत होत्या. एकीनं केस सोडले होते, दुसरी खोटं खोटं किंचाळत होती. बाकीच्या पोरी पोट धरून हसत होत्या. मी गेले आणि त्या केस सोडलेलीच्या थोबाडीत मारली. वीस वर्षांच्या नोकरीत मी एका लेकराला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. भांडायला नाही, नुसतं विचारायला आली होती, बाई, पोरीचं काय चुकलं? मी तिची माफी मागितली. त्या पोरीच्या गालावर माझी बोटं उठली होती. ती तुझ्या नावावर घालावीत असं मला फार वाटतं, पण हात माझा होता.

बक्षीस घेताना तू भाषणात म्हणालास की ती चाल मला एका वृद्ध स्त्रीला बघून सुचली. टीव्हीवर दाखवलं होतं. एक वृद्ध स्त्री. मी तुला फोन केला आणि तेव्हा आपलं पहिलं खरं भांडण झालं. मायचं नाव न घेता मी भांडत होते, तिची आण होती ना. मी म्हटलं, मला कळलंय ती कुणाची चाल आहे, माझं काय? तू आधी समजावलंस की चेहरा दुसरा आहे, अंग दुसरं आहे. मग म्हणालास, मी तिला भूत नाही केलं. मला त्या चालीत तिची जिद्द दिसली, मी जन्मात इतकं जिवंत काही पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "आणि लोकांना काय दिसलं?" तू म्हणालास, वंदे, तुला यातलं कळत नाही. फोन तू ठेवलास.

हे भांडण आपण पुढं कितीतरी वेळा केलं आणि दर वेळी तिथंच सोडलं. तू भाषणात मायचं नाव घेतलं असतंस तर मी शांत झाले असते का? नसते झाले. कदाचित जास्तच चिडले असते. हे मी तुला कधी कबूल केलं नाही, आज करते.

मग तू चाकाची खुर्ची घेऊन आलास. मुंबईची, चकचकीत. मायनं तुला कुरवाळलं, जेवलास का विचारलं, वाळलास किती म्हणाली. खुर्चीत बसली आणि त्यातून परत उठली ती फक्त अंथरुणावर जायला. तुला वाटलं, तू तिची सोय केलीस. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटत होतं की आता सांगावं, इथं, दोघांच्या समोर. मायनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि मी भांडी घासायला गेले.

तू दुसरा भाग केलास. तीच बाई, तीच चाल. तो लागायच्या आधीच माय गेली. तेवढं तरी तिनं पाहिलं नाही. तिच्या अंत्यविधीला तू आलास. तिला पोचवून तुम्ही परतलात, माणसं पांगली, आणि तू मला मागच्या दाराशी गाठून विचारलंस, तिला त्या दिवशी खरंच झोप लागली होती का गं? आता आणही उरली नव्हती. मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, हो. का म्हटलं? तुझी दया आली म्हणून नाही. खरं सांगायचं तर ती गोष्ट मला जपून ठेवायची होती. कधीतरी तुला ती नेमकी वेळ साधून मारायची होती.

ती वेळ कधी आली नाही. आली ती तुझी फुप्फुसं निकामी झाल्याची बातमी, आणि मग तूच. शेवटचे दोन महिने तू माझ्या घरी होतास. तू इतका हलका झाला होतास की माधवराव तुला एकटे उचलून उन्हात नेऊन बसवायचे. तू चांगला वागलास त्या दोन महिन्यांत, हे सांगायला हवं. माझ्या हातच्या पेजेला नावं ठेवली नाहीस. माझ्या शाळेतल्या पोरी तुला बघायला आल्या, तर तू त्यांना हाताच्या सावलीचं हरीण करून दाखवलंस, भूत नाही. चार वाजले की म्हणायचास, वंदे, बाहेर बघ, आता कुणाचाही फोटो काढला तरी चांगला येतो.

शेवटी तुला नांदेडला हलवलं, त्या दवाखान्यातली ती दुपार मात्र मला पुसता येत नाही. तुझ्या नाकाला नळी होती. तू मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "वंदे, माय आयुष्यात कधी दुपारची झोपली होती का गं?"

मी तुझ्या नाकाची नळी सारखी केली.

"मला तुझ्या आवाजावरूनच कळलं होतं," तू म्हणालास. "त्याच दिवशी, फोनवर."

मी विचारलं, मग दुसरा भाग कसा केलास? तू खिडकीकडं बघत होतास. बोलायला तुला दम लागत होता, मी घाई केली नाही. तू म्हणालास, "तू न्हाई म्हणाली होतीस ना. मला तेवढं पुरत होतं."

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. मी दहा वर्षं जे जपून ठेवलं होतं, ते तुझ्याकडं आधीपासूनच होतं. तू माझ्या खोट्याच्या आडोशाला बसून कॅमेरा चालवत राहिलास. मी उठले, तुझी चादर बदलली, नर्सला सलाईन संपत आल्याचं सांगितलं. त्यानंतर तू तीन दिवस होतास. आपण पेजेत मीठ कमी आहे का यावर बोललो, पंख्याच्या आवाजावर बोललो. तू माझा हात धरायचास आणि मी सोडवून घेत नव्हते. पण मीही धरत नव्हते. तुझ्या बोटांना ते समजलं असणार.

काल दुपारी आमच्या शाळेच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. गावातली माणसं, शाळेतली, तालुक्याहून आलेले चारदोन पुढारी. भाषणं झाल्यावर तो सीन दाखवायचा असं ठरलं होतं. आमच्या एका शिक्षकांनी पडदे ओढून ठेवले होते, प्रोजेक्टर लावून ठेवला होता. त्याआधी बहीण म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलं.

मी म्हटलं, तुम्ही आता जी चाल बघणार आहात ती माझ्या मायची आहे. तिचं नाव राधाबाई. तिची डावी बाजू लकव्यानं गेली होती आणि बरं व्हायला ती आमच्या अंगणात रोज चाळीस फेऱ्या मारायची. दादानं ती चाल तिच्याकडून घेतली, तिला न सांगता. तिनं तो सिनेमा पाहिला आणि ती पुन्हा चालली नाही. मी हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. एवढं बोलून मी खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्ष कागद चाळत होते. प्रोजेक्टरपाशी उभे असलेले सर माझ्याकडं बघायला लागले, लावू का बाई? मी म्हटलं, लावा.

परभणीतल्या त्या दुपारनंतर मी तो सीन पहिल्यांदाच पाहिला. तू काम फार चांगलं केलं होतंस, दादा. तिच्यावर तू एकही दिवा लावला नव्हतास. भिंतीवरून परतलेलं ऊन तेवढं तिच्या अंगावर होतं. ती आली. हात छातीशी, मान कललेली. पाय घासल्याचा आवाज आला. सभागृहात कुणी किंचाळलं नाही, कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तर पदर तोंडाला लावला होता. आणि पडद्यावरच्या त्या बाईचा पाय उंबऱ्याशी अडला, जिथं लोक दर वेळी ओरडतात, तिथं ती म्हातारी खुर्चीतून अर्धी उठली आणि हात पुढं करून म्हणाली,

"हळू माय, हळू."

तुझा सगळ्यात गाजलेला सीन मी काल मोडला, दादा. ताडकळसात आता त्याला कुणी भिणार नाही.

त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही.

तुझी,
वंदी